बरे वाटणे आणि बरे होणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी शाहूपुरीत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या मंगल प्रसंगी पोटाच्या दुखण्यांवर बोलायचे हे कोणाला थोडे विचित्र वाटेल. हळदीकुंकू झाले, अत्तरगुलाब झाला, आतून मसालेदुधाचा वास येतो आहे, आणि ही बाई जुलाब नि कावीळ यांच्या गोष्टी काय सांगत बसली! परंतु हा विषय मी निवडलेला नाही. तुमच्या चिटणीसबाईंनीच तो सुचविला, आणि सुचविताना त्यांनी जो प्रश्न विचारला तो माझ्या चांगल्याच परिचयाचा आहे. दवाखान्यात येणाऱ्या दहा बायकांपैकी आठजणी तो विचारतात. "काय झाले आहे?" असे त्या विचारीत नाहीत. "औषध कोणते?" असेही फारसे विचारीत नाहीत. त्या विचारतात, "बाई, किती दिवसांत बरे वाटेल?"

हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या मागे सारे घर उभे असते. सकाळी मुलांचे डबे कोणी करायचे? सासूबाईंचा पहाटेचा चहा कोणी द्यायचा? नोकरीवर किती रजा टाकायची? कोणी दोन दिवस म्हटले तर ती बाई दीड दिवसात उठते. कोणी पंधरा दिवस म्हटले तर ती मनातल्या मनात हसते आणि तिसऱ्या दिवशी उठते. आपल्यात म्हण आहे की दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते. म्हण सर्वांना पाठ आहे, पण ती पाळायची वेळ आली म्हणजे आपले सारे वागणे "पी हळद आणि हो गोरी" या दुसऱ्या म्हणीप्रमाणे असते!

म्हणून आज मी औषधांची नावे सांगणार नाही. ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचे काम. मी एवढेच सांगणार आहे की पोटाच्या निरनिराळ्या दुखण्यांना बरे व्हायला किती काळ लागतो, का लागतो, आणि बरे वाटणे व बरे होणे या दोन गोष्टी वेगळ्या कशा.

प्रथम आपल्या पोटाची थोडी ओळख करून घेऊ. आपण जेवलेले अन्न जठरात सुमारे दोन ते चार तास राहते. तेथून ते लहान आतड्यात उतरते. नाव लहान असले तरी त्याची लांबी सुमारे वीस फूट असते, आणि त्याच्या आतल्या अंगाला मखमलीवर असते तशी बारीक लव असते. अन्नातले सत्त्व शोषून घेण्याचे काम ही लव करते. तिच्यावरचे अस्तर निरोगी माणसातही तीन ते पाच दिवसांत झडते आणि नवे येते. पुढे मोठ्या आतड्यात पाणी शोषले जाते, आणि तेथे एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ जातो. शेजारी यकृत आहे, ते पित्त तयार करते आणि अन्नाबरोबर आलेल्या विषाचा बंदोबस्त करते. या कारखान्यातील कोणते यंत्र मोडले यावर दुरुस्तीचे दिवस ठरतात. दुखणे वरून किती भयंकर दिसते यावर ते ठरत नाहीत. आजच्या भाषणातील ही मुख्य गोष्ट आहे. ती उदाहरणांनी सांगते.

पटकीचेच उदाहरण घ्या. आपल्या आज्या-पणज्या या रोगाचे नावसुद्धा घेत नसत. उपचार न मिळाल्यास धडधाकट माणूस काही तासांत दगावतो असा हा रोग. पण वेळेवर उपचार मिळाला तर पटकीचा रोगी बहुधा तीन ते सहा दिवसांत हिंडूफिरू लागतो. एवढा भयंकर रोग आणि इतक्या लवकर आराम, हे कसे? याचे उत्तर एका भारतीय संशोधकाने दिले. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले की पटकीचे जंतू एक विष सोडतात, आणि त्या विषामुळे शरीरातले पाणी व क्षार आतड्यात पाझरून वाहून जातात. आतड्याचे अस्तर मात्र जागच्या जागी शाबूत असते. म्हणजे भिंत पडलेली नाही, फक्त नळ उघडा राहिला आहे. वाहून गेलेले पाणी आणि मीठ परत भरीत राहिले की माणूस वाचतो.

हे पाणी तोंडाने भरता येते, याचा मोठा पडताळा १९७१ साली आला. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या, त्या पाण्यात कालविल्या, आणि ते पाणी रोग्यांच्या आयांच्या व बहिणींच्या हाती देऊन त्यांनाच पाजायला सांगितले. शंभरात तीसच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण चारच्याही खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले, आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. भगिनींनो, त्या छावणीतल्या हजारो रोग्यांना घोट घोट पाणी पाजणारे हात घरच्या माणसांचेच होते, हे आपण ध्यानात ठेवावे.

ती पुडी आज ओ.आर.एस. या नावाने कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. पुडीवर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती सबंध कालवावी. अर्धी आज आणि अर्धी उद्या असे करू नये. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव आसवांपेक्षा खारट नको. आपली शाहूपुरी तर शाहू महाराजांच्या काळापासून गुळाची पेठ! तेव्हा येथे कोणीतरी विचारणारच की गूळ का नको? त्याचे उत्तर एवढेच की गुळाचा खडा चमच्याने नेमका मोजता येत नाही, आणि या पाण्यात मापालाच महत्त्व आहे.

आता आपल्याकडे नेहमी होणारे जुलाब-उलट्या घेऊ, ज्याला आपण "गॅस्ट्रो" म्हणतो. लग्नसराईत, जत्रेत किंवा पावसाच्या तोंडाला तो घरोघर येतो. उलट्या बहुधा एकदोन दिवसांत थांबतात, जुलाब तीन दिवसांपासून आठवड्यापर्यंत चालतात. येथे मात्र पटकीसारखे नसते. लहान मुलांना जुलाब करणारे रोटाव्हायरससारखे विषाणू ती मखमलीची लवच खरडून टाकतात. नवे अस्तर यायला चारपाच दिवस लागतात, आणि ते पुरतेपणी कामाला लागायला आणखी आठवडाभर. म्हणून जुलाब थांबले तरी मूल आठदहा दिवस किरकिर करते, आणि काहींना वरचे दूध पचत नाही. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरचे धारोष्ण दूध कोल्हापूरचे भूषण खरे, पण गॅस्ट्रोतून उठलेल्या मुलाला चौथ्या दिवशी ते पेलाभर पाजणे म्हणजे नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर पाट मांडण्यासारखे आहे. त्याऐवजी मऊ भात, मुगाचे वरण, ज्वारीच्या कण्या, ताजे ताक, केळे असे द्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे आईचे दूध मात्र एक वेळसुद्धा तोडू नये. मुलाला उपाशी ठेवून आतड्याला विश्रांती देण्याची जुनी समजूतही आता टाकून द्यावी. नवे अस्तर विणायला सूत अन्नातूनच येते.

मुलांच्या जुलाबात डॉक्टर जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या चौदा दिवस देतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि चौथ्या दिवशी गोळ्यांचे पाकीट फडताळात जाते, असे घरोघर होते. ते चौदा दिवस जुलाब थांबविण्यासाठी नसून पुढची दुरुस्ती व्हावी आणि दुखणे पुन्हा लवकर येऊ नये यासाठी आहेत. तसेच जुलाब थांबल्यावर निदान दोन आठवडे मुलाला रोज एक जेवण जास्त द्यावे. बरे वाटले तिसऱ्या दिवशी, पण बरे झाले पंधराव्या दिवशी, असा हा हिशेब आहे.

याहून लांबचा हिशेब विषमज्वराचा, म्हणजे टायफॉइडचा. हे जंतू आतड्याच्या भिंतीत शिरतात, तेथून रक्तात जातात, आणि यकृत-प्लीहेत घर करतात. भिंतीत बारीक व्रण पडतात. योग्य औषध सुरू केल्यावरही ताप उतरायला बहुधा चार ते सहा दिवस लागतात, आणि पुष्कळ घरांत तिसऱ्या दिवशीच "गुण नाही" म्हणून डॉक्टर बदलतात! उलट ताप उतरला की औषध अर्ध्यावर सोडतात. दोन्ही गोष्टी सारख्याच वाईट. ठरलेले दिवस, मग ते सात असोत वा चौदा, गोळी पुरी करावी. शंभरातील पाच-दहा रोग्यांना ताप गेल्यावर दोनतीन आठवड्यांनी पुन्हा उलटतो. म्हणून टायफॉइडच्या रोग्याने महिनाभर स्वतःला बरे झालेले समजू नये. थकवा तर त्याहूनही जास्त दिवस राहतो.

या रोगाची आणखी एक गोष्ट स्वयंपाक करणारीने जाणून घ्यावी. शंभरातील दोनचार माणसांच्या पित्ताशयात हे जंतू वर्षानुवर्षे राहतात, आणि त्या माणसाला स्वतःला काहीही होत नाही. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीण होती. ती ज्या घरी कामाला जाई तेथे काही दिवसांनी टायफॉइड होई. १९०७ साली ती सापडली. तिला वेगळे ठेवले, पुढे सोडले, पण ती पुन्हा स्वयंपाकाच्याच कामावर गेली. १९१५ साली तिला दुसऱ्यांदा पकडले, आणि १९३८ साली मरेपर्यंत तिला एकांतातच राहावे लागले. सगळी मिळून सव्वीस वर्षे! तिला आपण आजारी आहोत हे कधीच पटले नाही, कारण तिला बरे वाटत होते. बरे वाटण्यावर विसंबून राहिल्याने काय होते याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

आता आपल्या जिल्ह्याच्या फार जवळच्या दुखण्याकडे वळते. ते म्हणजे कावीळ. २०१२ सालच्या उन्हाळ्यात आपल्या शेजारच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पंचगंगेचे दूषित पाणी पिण्यात आल्याने ती पसरली, आणि तिच्यात मृत्यूही झाले. तुमच्यापैकी काहीजणींची माहेरे, सासरे त्या गावात आहेत, त्यांना त्या दिवसांची आठवण असेल. पाण्यातून येणारी ही कावीळ दोन विषाणूंची असते, एक "ए" आणि दुसरा "ई". त्यातल्या दुसऱ्याची ओळख पटायला फार वर्षे गेली. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळले आणि सुमारे एकोणतीस हजार माणसांना कावीळ झाली. त्या साथीतील जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे तपासले गेले, तेव्हा १९८० साली कळले की ही नेहमीची "ए" कावीळ नव्हतीच. ते संशोधन करणाऱ्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या संचालक डॉ. खोर्शेद पावरी होत्या. आपल्या राज्यातील एका स्त्रीचे नाव या शोधात आहे, हे या सभेत सांगताना मला आनंद वाटतो.

काविळीचे वेळापत्रक विचित्र आहे. घाण पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत "ए" काविळीत दोन ते सहा आठवडे जातात, "ई" काविळीत सरासरी पाचसहा आठवडे, कधी दहासुद्धा. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण विसरलेलो नाही. उपसा केंद्रे पाण्याखाली गेली, नळ कोरडे पडले, आणि कित्येक दिवस टँकरची वाट पाहावी लागली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच संकट आले. पूर ओसरला, चिखल काढला, घर धुतले की आपण सुटकेचा श्वास सोडतो, आणि पाणी उकळणेही सोडतो. पण पुरातल्या पाण्याची कावीळ गणपती-गौरी होऊन गेल्यावर, नवरात्राच्या सुमारास दाराशी येऊ शकते. म्हणून पुरानंतर निदान दोन महिने पिण्याचे पाणी खळखळून उकळून घ्यावे. काळम्मावाडीच्या धरणाचे पाणी थेट नळाने २०२३ साली शहरात आले ही मोठीच सोय झाली. पण धरणापासून गल्लीपर्यंत पाणी कितीही चांगले आले तरी आपल्या दारातला नळाचा पाइप गटारातून गेला असेल आणि फुटका असेल, तर सगळे मुसळ केरात!

या दोन्ही काविळींवर बहुतेकांना औषध लागत नाही, शरीर आपले आपण रोग हटविते. यकृत हा मोठा गुणी अवयव आहे. त्याचा काही भाग गेला तरी तो पुन्हा वाढतो, मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. भूक दोनतीन आठवड्यांत परत येते, डोळ्यांचा पिवळेपणा जायला दोन ते आठ आठवडे लागतात, आणि जिना चढताना येणारा थकवा कधी कधी तीन महिनेही टिकतो. हे दिवस ठरलेले असल्यामुळेच काविळीवर झाडपाल्याचे औषध देणाऱ्यांचे फावते. रोगी आपल्या वेळेने बरा होतो, आणि श्रेय माळेला, नाकात पिळलेल्या थेंबांना किंवा मनगटावरच्या डागाला मिळते! माळ निरुपद्रवी असेल, पण नाकातल्या थेंबांनी आणि डागण्याने इजा होते, आणि अनोळखी मुळ्यांचा रस आजारी यकृतावर नवे ओझे घालतो. हळद बंद, तेल बंद, फक्त उसाचा रस आणि चुरमुरे, असे कडकडीत पथ्यही नको. मळमळ असेपर्यंत तळलेले टाळावे, मग भूक लागेल तसे साधे सकस जेवण घ्यावे. रस्त्यावरच्या रसात बर्फ कोणत्या पाण्याचा असतो हे सांगायला नकोच. दारू मात्र अजिबात नको, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची वा अंगदुखीची गोळीही नको.

एक सूचना हात जोडून करते. घरात गरोदर बाई असेल आणि तिचे डोळे पिवळे दिसले, तर एक दिवसही घरी थांबू नका. शेवटच्या तीन महिन्यांत "ई" कावीळ झालेल्या बायकांत मृत्यूचे प्रमाण शंभरात वीस-पंचवीसपर्यंत जाऊ शकते. तिला त्याच दिवशी सी.पी.आर.मध्ये किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. येथे वाट पाहणे हा गुण नसून घात आहे.

यानंतर आम्लपित्त आणि जठराचे व्रण. कोल्हापूरच्या माणसाला व्रण झाला की सारा दोष तांबड्या रश्श्याला आणि मिसळीला लावतात. पूर्वी वैद्य-डॉक्टरही तिखट आणि काळजी यांनाच दोष देत. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोन डॉक्टरांनी दाखविले की पुष्कळशा व्रणांचे मूळ जठरात राहणाऱ्या एका जंतूत आहे. लोकांना पटेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः प्याला, आणि आठवड्याभरात त्यांच्या जठराला सूज आली! २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. तिखटाने व्रण होत नाही, असलेला व्रण मात्र त्याने झोंबतो. जंतू मारण्याचे औषध बहुधा चौदा दिवसांचे असते, आणि व्रण भरून यायला चार ते आठ आठवडे लागतात. जळजळ तर पहिल्या आठवड्यातच थांबते. तेवढ्यावर औषध सोडले की जंतू उरतात, आणि पुढच्या खेपेस ते औषधाला दाद देत नाहीत.

व्रणाचे दुसरे कारण आपल्या बायकांत फार आढळते. गुडघे दुखतात म्हणून मनाने घेतलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या, त्याही उपवासाच्या दिवशी, रिकाम्या पोटी, वर दोन कप चहा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी धरली तर महिन्यातले दहाबारा दिवस असे जातात. उपवास करू नका असे सांगणारी मी कोण? पण ज्या महिन्यात पोटाचे औषध चालू आहे त्या महिन्यात देवाची रजा घ्यावी. देव रजा देतो. घरची माणसे देतात की नाही तेवढे पाहावे!

काही दुखण्यांना मात्र बरे होण्याची तारीख नसते हेही सांगितले पाहिजे. वर्षानुवर्षे पोट फुगणे, कधी बद्धकोष्ठ तर कधी घाई, तपासण्या सगळ्या चांगल्या, अशा बायका पुष्कळ असतात. त्यांना "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असे सांगून वाटेला लावतात. ते खरे नाही. आतड्याची चाल बिघडलेली असते आणि दुखते ते खरेच दुखते. येथे दिवस मोजू नयेत, महिने मोजावेत. मागल्या महिन्यात वाईट दिवस दहा होते, या महिन्यात सात झाले, तर सुधारणा आहे. साध्या बद्धकोष्ठालाही भाजी, कोंड्यासकट भाकरी, पाणी आणि ठरलेली वेळ यांचा गुण यायला दोनतीन आठवडे लागतात. त्यात बाजारात, कचेरीत स्वच्छ संडास नाही म्हणून आपल्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. हा दोष त्यांच्या पोटाचा नसून व्यवस्थेचा आहे, आणि मंडळांनी महानगरपालिकेकडे ज्या मागण्या करायच्या त्यांत ही पहिली असावी.

भगिनींनो, धीर धरा असे मी मघापासून सांगते आहे. पण कोठे धीर धरू नये हेही पाठ करून ठेवा. सहाआठ तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, मूल गळून पडणे, शौचात रक्त येणे किंवा शौच डांबरासारखे काळे होणे, रक्ताची उलटी, काविळीत गुंगी येणे किंवा बरळणे, पोट लाकडासारखे कडक होणे, ही लक्षणे दिसली तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. जुलाब चौदा दिवसांवर गेले, वजन कारणाशिवाय उतरू लागले, घास गिळताना अडकू लागला, किंवा पन्नाशीच्या सुमारास शौचाची नेहमीची सवय एकाएकी बदलली, तर तपासणी लांबवू नये. "मुलीचे लग्न होऊन जाऊ दे, मग दाखवू" असे म्हणून लांबविलेली दुखणी मी पुष्कळ पाहिली आहेत.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वर सांगितलेले सगळे दिवस, आठवडे आणि महिने घरातल्या पुरुषाला मिळतात, मुलाला मिळतात, सासूबाईंनाही मिळतात. ते मिळवून देणारी जी बाई, तिलाच मिळत नाहीत. काविळीतून उठलेला मुलगा महिनाभर अभ्यासाला बसत नाही, आणि त्याच काविळीतली त्याची आई दहाव्या दिवशी कणीक मळते. याला आपण सोशिकपणा म्हणून गौरवितो. परंतु यात तिच्या एकटीचा प्रश्न नाही. कावीळ किंवा टायफॉइड अंगात असलेल्या हाताने मळलेली कणीक सगळे घर खाते. कावीळ दिसल्यापासून निदान दोन आठवडे, आणि टायफॉइडमध्ये औषध पुरे होऊन डॉक्टर सांगेपर्यंत, तिने दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये. म्हणजे तिला विसावा देणे हा केवळ तिच्यावर उपकार नसून घराचे रक्षण आहे. घरच्या पुरुषांना दयेची भाषा पटत नसेल तर ही हिशेबाची भाषा सांगून पाहा; ती पटते!

पण सांगून चूल पेटत नाही. ज्या घरात दुसरी बाई नाही तेथे काय करायचे? म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवते. सभासदांनी गल्लीवार चारपाच घरांचा एकेक गट करावा. त्यातली कोणी पोटाच्या मोठ्या दुखण्याने पडली तर उरलेल्यांनी पाळीपाळीने तिच्या घरी दोन वेळचा डबा द्यावा. मऊ भात, वरण, एक भाजी, बस्स. एकीच्या वाट्याला आठवड्यातून दोन डबे येतील. खर्च म्हणाल तर नगण्य, आणि ज्या बाईला ते पंधरा दिवस मिळतील तिला तो माहेरचा विसावा वाटेल. नव्या भिशीची वही जशी आपण उत्साहाने घालतो, तशी ही एक वही घालावी. तिच्यात पैसे लिहायचे नाहीत, फक्त नाव आणि वार लिहायचे.

 अध्यक्षबाईंनी परवानगी दिली तर मसालेदूध येण्याआधी ती वही या सतरंजीवरच फिरवावी, आणि पहिल्या पानावर माझे नाव मंगळवारी लिहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.